बूट घालून बीडच्या बाजारात

बूट काढू नका. टोकदार नाकाचे, उंच टाचेचे, पोटऱ्या झाकणारे ते काउबॉय बूट घालूनच चला. सव्वाशे वर्षं मागे जायचंय, निजामाच्या राज्यातल्या बीडला.

वैशाखातली दुपार आहे. कोतवाली वेशीतून आत शिरताच धुरळा थेट घशात जातो. मागोमाग शेणाचा, कडब्याचा, तळणीतल्या तेलाचा वास. म्हशीवरच्या पखालीतून पाणी ठिबकतंय. कोणी दखनीत भाव सांगतंय, कोणी मराठीत, आणि दोघंही ओरडूनच. बुटांत तुमचे पाय उकडून निघालेत ना? आजूबाजूला बघा, बाजाराला आलेल्या बहुतेक बायका अनवाणी आहेत. त्या तुमच्या तोंडाकडे बघतच नाहीत, नजर सगळी बुटांवर. एक पोर तर टाचांची टकटक ऐकत केव्हापासून मागे लागलंय.

आता वास नेईल तिकडे वळा. चुना, ओली कातडी, आंबलेली साल. नाकाला पदर लावू नका, माणसं कामात आहेत. हौदातल्या तांबूस पाण्यात तरवडाची साल घातलीय आणि केस काढलेली कातडी त्यात आठवडेच्या आठवडे मुरताहेत. ढोरांनी कमवायची, चांभारांनी शिवायची. त्यातूनच विहिरीवरची मोट, बैलाचा चाबूक, पायातली वहाण. आणि बीडचं नाव दूरवर नेणारी छागल, पाण्याची कातडी पिशवी! घ्या, तोंडाला लावा. कातड्यातून पाणी किंचित झिरपतं, वाऱ्यानं सुकतं आणि आतलं गार होत जातं. पहिल्या घोटाला सालीचा तुरटपणा लागेल. तहान एवढी आहे की दुसऱ्या घोटाला तो जाणवणारही नाही.

म्हातारा कारागीर रापी खाली ठेवतो, तुमचा एक बूट मांडीवर घेतो. नखानं शिवण चाचपतो, आत हात घालून अस्तर बघतो, मग हुंगतो.

“कोण्या सालीत कमावलंय, बाई, हे?”

काय सांगाल? साल नाहीच, कारखान्यात क्रोमच्या क्षारांत एक-दोन दिवसांत झालं, हे त्याला पटायचं नाही. शिवणीला मात्र तो मान डोलावतो.

पलीकडे त्याची बायको वाद्या कापतेय. तिलाही बूट घालून बघू द्या. जात नाही. जन्मभर अनवाणी चालून पसरलेला पंजा त्या टोकात मावत नाही. टाचेच्या भेगांत सालीचा तांबडा रंग बसलाय. गावाच्या वहाणा या घरात शिवल्या जातात, पण या घरच्या बाईनं वहाणा घालून वेशीतून गेलेलं गावाला खपत नाही. हा उघड अन्याय आहे, आणि गावात तो कुणाला सलत नाही.

निघताना छागल विकत घ्या. इथे निजामाचं नाणं, हाली सिक्का, चालतो, तुमच्या नोटा कोणी घेणार नाही. आणि म्हातारा सांगेल तो भाव द्या, घासाघीस करू नका. या कामाचं मोल त्यांना आधीच फार कमी मिळतं.