धडधाकट कुत्र्याचे रक्त कशाला तपासायचे? एका तपासणीचा इतिहास

स्वतःचे रिपोर्ट दाखवून झाले की अलीकडे बरेच जण जाता जाता विचारतात, "डॉक्टर, आमचा कुत्रा छान खातो-पितो, खेळतो. तरी पशुवैद्य म्हणतात वर्षातून एकदा रक्त तपासा. खरंच गरज असते का?" मी माणसांचा डॉक्टर आहे, प्राण्यांवर उपचार करत नाही. पण रक्ततपासणीचा इतिहास माणसांचा आणि प्राण्यांचा एकच आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासातच आहे.

वरून ठणठणीत, रक्तात जंत

१८४३ साली पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी आणि ओनेसिम देलाफों यांनी एका कुत्र्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. रक्तात बारीक जंत वळवळत होते, आणि कुत्रा मात्र दिसायला निरोगी होता! प्राणी ठीक दिसतो म्हणजे ठीक असतोच असे नाही, हे त्या थेंबाने दाखवून दिले. माणसाच्या रक्तात असेच जंत सापडायला पुढे जवळजवळ तीस वर्षे लागली. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुईस यांना ते दिसले. हत्तीरोगाच्या जंतांची ती बाल्यावस्था होती.

आपल्या भागातला धडा

१८८० मध्ये तेव्हाच्या पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे (आता पाकिस्तानात) घोडे आणि उंट 'सुर्रा' नावाच्या आजाराने खंगून मरत होते. लष्करी पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांनी त्यांचे रक्त तपासले आणि त्यात हालणारे परजीवी दाखवून दिले. हेच आजाराचे कारण आहे, हे त्यांचे म्हणणे वरिष्ठांना पटले नाही. पुढे ते खरे ठरले, आणि त्या परजीवीला इव्हान्स यांचेच नाव मिळाले. जनावरांच्या रोगांवर संशोधन करण्यासाठी १८८९ मध्ये सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली, ती आपल्या पुण्यात. १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची ती सुरुवात.

गोचीड आणि शांत टप्पा

तुमच्या घरातल्या कुत्र्याशी सर्वांत जवळची गोष्ट मात्र व्हिएतनाम युद्धातली आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्कराचे कुत्रे तिथे मोठ्या संख्येने दगावले. नाकातून रक्त यायचे, वजन घटायचे, रक्तातल्या सगळ्याच पेशी कमी व्हायच्या. कारण होते गोचिडीतून पसरणारा एर्लिकिया नावाचा जिवाणू. तो १९३५ मध्येच अल्जीरियात ओळखला गेला होता.

या आजाराची खोड अशी, की सुरुवातीचा ताप ओसरल्यावर एक शांत टप्पा येतो. तो काही महिने, कधी काही वर्षेही टिकतो. कुत्रा शेपूट हलवत दारात येतो, पण रक्तातले प्लेटलेट बऱ्याचदा घटलेले असतात. याच टप्प्यात पकडला तर आजार बहुधा औषधाने आटोक्यात येतो. पुढच्या गंभीर टप्प्यात जीव वाचवणे अवघड होते. हा आजार पसरवणारी तपकिरी गोचीड आपल्याकडे भरपूर आहे, हे वेगळे सांगायला नको.

यंत्रे आली, तपासणी नेहमीची झाली

एकाच नमुन्यावर अनेक तपासण्या करणे पूर्वी वेळखाऊ होते. १९५७ मध्ये लेनर्ड स्केग्ज यांचे स्वयंचलित यंत्र आले आणि काम झपाट्याने होऊ लागले. माणसांची 'वार्षिक तपासणी' रुळली ती अशा यंत्रांमुळे. पुढे छोटी यंत्रे पशुवैद्यांच्या दवाखान्यातही पोहोचली.

याचा मोठा फायदा म्हाताऱ्या मांजरांना झाला. मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट आजार फार आढळतो. पण क्रिएटिनिन स्पष्टपणे वाढेपर्यंत मूत्रपिंडांचे सुमारे ७५ टक्के काम गेलेले असते. त्याहून लवकर इशारा देणारी एसडीएमए ही तपासणी २०१५ पासून पशुवैद्यांना उपलब्ध झाली. गेलेले काम परत येत नाही, पण आहार वेळीच बदलला तर उरलेले जास्त काळ टिकवता येते.

दुसरी बाजूही ऐका

'नॉर्मल' मर्यादा अशा ठरवतात, की १०० निरोगी प्राण्यांपैकी साधारण ९५ त्यात बसावेत. म्हणजे ५ निरोगी असूनही बाहेर पडतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर अगदी निरोगी प्राण्यातही एखादा आकडा चुकीचा दिसण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. घाबरलेल्या मांजराची तर रक्तातली साखर नुसत्या भीतीनेही वाढते. म्हणून एका आकड्यावरून औषध सुरू करण्याची घाई नको. आधी पुन्हा तपासणी.

थोडक्यात

• कुत्रा किंवा मांजर तरुण आणि निरोगी असताना एकदा रक्त तपासून घ्या. पुढे तुलना करायची ती त्याच्याच जुन्या आकड्यांशी.
• साधारण सात वर्षांनंतर दरवर्षी तपासा, जोडीला लघवीही. मोठ्या जातीचे कुत्रे लवकर म्हातारे होतात, त्यांच्यासाठी वय पशुवैद्यांना विचारा.
• गोचीड दिसत असेल किंवा भूल द्यायची असेल, तर तपासणी टाळू नका.
• प्रत्येक रिपोर्ट फाइलला लावा.
• माणसांच्या नॉर्मलशी तुलना करू नका. १०१ ते १०२ फॅरनहाइट हा आपल्याला ताप, कुत्र्याला ते नेहमीचे तापमान!

दुखले तर आपण डॉक्टरकडे जाऊन सांगतो. मुक्या जिवाला ते जमत नाही, आणि मांजर तर दुखणे लपवण्यात पटाईत. तेव्हा पशुवैद्यांनी सुचवले असेल तर वर्षातून एकदा तेवढे रक्त जरूर द्या.