विजेची लाट आणि घरातील उपकरणे : 'एसपीडी' निवडताना, बसविताना

महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांतील वळिवाच्या आणि ऑक्टोबरमधील परतीच्या पावसाबरोबर विजांचा कडकडाट सुरू होतो. पाठोपाठ दूरचित्रवाणी संच, मोडेम, इन्व्हर्टर दुरुस्तीला जाऊ लागतात. त्यासाठी वीज प्रत्यक्ष घरावरच कोसळावी लागते, असे नाही. वीजवाहिनीवर किंवा तिच्या आसपास ती पडली, तरी अतिउच्च दाबाची क्षणिक लाट तारांमधून घरात शिरते. या लाटेला 'सर्ज' म्हणतात. लिफ्ट वा मोठ्या मोटारी चालू-बंद होतानाही लहान सर्ज निर्माण होतात. दवाखान्यातील लस ठेवण्याचा फ्रीज अशा लाटेने निकामी झाला, तर नुकसान केवळ यंत्राचे राहत नाही.

आपल्याकडे घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. सर्जचा दाब काही हजार व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. मात्र तो टिकतो सेकंदाच्या काही लक्षांश भागापुरताच. एमसीबी किंवा फ्यूज यांना कार्यान्वित होण्यास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. स्टॅबिलायझर दाबातील सावकाश चढउतार सांभाळतो, तर गच्चीवरील तडितरक्षक इमारतीचे रक्षण करतो. तारेतून येणाऱ्या लाटेसाठी 'सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस' अर्थात एसपीडी हे स्वतंत्र साधन लागते.

वाट देणारे साधन

एसपीडीमध्ये बहुधा झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर असतो. नेहमीच्या दाबाला तो जवळजवळ विद्युतरोधक असतो. दाब मर्यादेपलीकडे जाताच क्षणार्धात वाहक बनून तो लाट अर्थिंगकडे वळवितो. एसपीडी लाटेला अडवीत नाही, वाट करून देतो. त्यामुळे अर्थिंग सदोष असल्यास महागडा एसपीडीही पुरेसे संरक्षण देऊ शकत नाही. अर्थिंगचा खड्डा नेमका एप्रिल-मे महिन्यांत सर्वाधिक कोरडा असतो आणि वळिवाच्या विजाही तेव्हाच चमकतात. म्हणून खड्ड्यात पाणी घालणे आणि अर्थिंगचा रोध मोजून घेणे, ही कामे उन्हाळ्याच्या आरंभीच करावीत.

निवड कशी करावी?

एसपीडीचे तीन प्रकार आहेत. इमारतीवर तडितरक्षक असल्यास मुख्य पुरवठ्याच्या ठिकाणी टाइप १ लागतो. सर्वसाधारण घराच्या मुख्य वितरण पेटीत टाइप २ पुरतो. त्यापासून सुमारे दहा मीटरहून दूर असलेल्या नाजूक उपकरणांजवळ टाइप ३ची जोड द्यावी. खरेदी करताना आयईसी ६१६४३-११ या मानकाचा उल्लेख उपकरणावर आहे का, हे पाहावे. सातत्याने सोसता येणारा दाब किमान २७५ व्होल्ट असावा. पुरवठ्यात वारंवार चढउतार होत असल्यास ३२० व्होल्टचा एसपीडी घ्यावा. लाटेनंतर उपकरणापर्यंत पोहोचणारा दाब दीड किलोव्होल्ट किंवा त्याहून कमी असलेला बरा. गृहनिर्माण संस्थेचे पंप व लिफ्ट यांना थ्री-फेजचा एसपीडी लागतो. गच्चीवर सौर पॅनेल असल्यास त्याच्या डीसी बाजूसाठी वेगळा, खास डीसीसाठीचाच एसपीडी घ्यावा.

बसविताना

एसपीडीला जोडणाऱ्या तारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरपेक्षा अधिक नसावी, तारेला वेटोळे तर मुळीच नसावे. लाटेचा प्रवाह अत्यंत वेगाने वाढत असल्याने एक मीटर तारेतही हजार व्होल्ट किंवा अधिक जादा दाब निर्माण होऊ शकतो आणि तो थेट उपकरणांच्या वाट्याला येतो. टाइप २साठी किमान सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरावी. उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज वा एमसीबी एसपीडीच्या आधी असावा. केबल टीव्ही व इंटरनेटच्या धातूच्या तारांमधूनही सर्ज येतो. त्यांचेही संरक्षक त्याच अर्थिंगला जोडावेत. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे.

न्यूट्रल तुटल्यास

खांबावरील न्यूट्रल तुटल्यास सिंगल-फेज घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो आणि तो काही मिनिटेही टिकतो. एवढा दीर्घ दाब व्हॅरिस्टर सोसू शकत नाही. तो तापून निकामी होतो. यासाठी जादा दाब येताच पुरवठा तोडणारा ओव्हर-व्होल्टेज रिले स्वतंत्रपणे बसवावा लागतो.

प्रत्येक मोठ्या लाटेगणिक व्हॅरिस्टर झिजतो. बहुतेक एसपीडींवर त्याची स्थिती दाखविणारी खूण असते. ती हिरव्याची लाल झाल्यास आतील कार्ट्रिज बदलावे. घरावर थेट वीज पडल्यास कोणत्याही साधनाची पूर्ण हमी देता येत नाही. म्हणून आभाळ भरून येताच, कडकडाट सुरू होण्यापूर्वीच, नाजूक उपकरणांचे प्लग काढून ठेवावेत. विजा चमकू लागल्यावर मात्र प्लगला किंवा तारांना हात लावू नये.