सिंहस्थातील स्नानाच्या तिथी आणि क्रम

नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील सिंहस्थ कुंभमेळ्याचे वर्ष गुरूच्या भ्रमणावरून ठरते. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ लागतो आणि तो कन्येत गेला की संपतो. गुरूची प्रदक्षिणा 11.86 वर्षांची, म्हणजे बारा वर्षांना थोडी कमी असल्यामुळे तपाचा हिशेब अधूनमधून चुकतो. 1980 नंतरचा सिंहस्थ 1991 मध्येच आला. त्यानंतरचे 2003 आणि 2015 मध्ये भरले.

वर्ष पंचांगातून मिळते. स्नानाचा दिवस, घटका आणि अग्रमान मात्र माणसांनाच आपसांत ठरवावा लागतो, आणि सिंहस्थाचा इतिहास मुख्यतः या ठरावांचा आहे. 1789 च्या सिंहस्थात आधी स्नान कोणाचे, यावरून शैव गोसावी आणि वैष्णव बैरागी यांच्यात रक्तपात झाल्याचे सांगितले जाते. पेशव्यांच्या निवाड्याने वैष्णवांना नाशिकचे रामकुंड आणि शैवांना सुमारे 30 किलोमीटरवरील त्र्यंबकेश्वरचे कुशावर्त नेमून दिले गेले. वेळेवरून पेटलेला वाद जागा वाटून मिटवण्याचा हा उपाय शहाणपणाचा होता. ती वाटणी आजही पाळली जाते.

दोन्ही ठिकाणचा अंतर्गत क्रम तरीही ठरवावा लागतोच. रामकुंडावर निर्वाणी, निर्मोही आणि दिगंबर असे तीन आखाडे येतात. कुशावर्तावर जुना, निरंजनी, महानिर्वाणी आदी सात शैव आखाड्यांबरोबर दोन उदासीन आणि एक निर्मल, असे दहा. कुशावर्त हे लहानसे बांधीव कुंड आहे. एका आखाड्याने ते वेळेत मोकळे केले नाही, तर मागच्या सगळ्या मिरवणुका खोळंबतात आणि सामान्य भाविकांची पाळी आणखी लांबते.  

वेळापत्रकाइतकीच वाटही महत्त्वाची, हे 27 ऑगस्ट 2003 रोजी फार मोठी किंमत देऊन कळले. त्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरीत 39 भाविकांचा मृत्यू झाला.

तिथींनाही एकच ठरीव साचा नाही. 2015 मध्ये पहिली दोन शाही स्नाने दोन्हीकडे 29 ऑगस्टच्या श्रावण पौर्णिमेला आणि 13 सप्टेंबरच्या अमावास्येला झाली. तिसरे नाशिकला 18 सप्टेंबरच्या ऋषिपंचमीला, तर त्र्यंबकेश्वरला 25 सप्टेंबरच्या वामन द्वादशीला. पुढच्या सिंहस्थाच्या तारखा 1 जून 2025 रोजी नाशिकमध्ये तेरा आखाड्यांच्या प्रतिनिधींबरोबर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या बैठकीनंतर जाहीर झाल्या. 31 ऑक्टोबर 2026 रोजी ध्वजारोहण आहे. शाही स्नानाला आता अमृत स्नान म्हटले जाते. ती 2027 मध्ये 2 ऑगस्ट आणि 31 ऑगस्ट या अमावास्यांना होतील, आणि शेवटचे नाशिकला 11 सप्टेंबरला, तर त्र्यंबकेश्वरला 12 सप्टेंबरला होईल. गुरूच्या वक्री गतीमुळे हा सिंहस्थ 24 जुलै 2028 पर्यंत लांबणार आहे.