न दुखणाऱ्या जखमेचा इतिहास

कुष्ठरोगात बोटे झडतात, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा बोलले गेले आहे की ते तपासून पाहावे असे फारसे कुणाला वाटले नाही. वऱ्हाडात तर ‘रगतपिती’ हा एकच शब्द पुरत असे. रक्त नासले, अंग कुजले, आता बोटे गळणार, असा सगळा समज त्या एका शब्दात भरलेला होता. १८९८ च्या लेपर्स ॲक्टने या समजाला कायद्याची भाषा दिली. भीक मागणाऱ्या रोग्याला पकडून आश्रमात टाकण्याची त्यात सोय होती. रोग्याने खाण्यापिण्याचे पदार्थ विकू नयेत, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू नये, भाड्याच्या गाडीत बसू नये, असे हुकूम काढण्याचा अधिकारही सरकारला होता. हा कायदा संसदेने रद्द केला तो २०१६ साली. घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोगाचा उल्लेख आपल्या वैयक्तिक कायद्यांतून निघायला तर २०१९ उजाडले.

बोटे झडत नाहीत. ती रुग्णाच्या नकळत झिजतात, भाजतात, कापली जातात आणि जखमा चिघळून आतले हाड हळूहळू आखूड होते. हा फरक वरवर शब्दांचा वाटेल, पण गेल्या ऐंशी वर्षांतली कुष्ठरोगाची सगळी शस्त्रक्रिया त्याच फरकावर उभी राहिली.

मी डॉक्टर नाही. पोटापाण्याचा धंदा सांभाळून अकोला-अमरावतीच्या वाचनालयांतून वऱ्हाडच्या रोगराईचा इतिहास गोळा करणे, हा माझा वीस-बावीस वर्षांचा नाद आहे. पटकी, प्लेग, देवी यांवर लिहिलेले पुष्कळ सापडते. कुष्ठरोगावरचे लिखाण मात्र बहुतेक सेवेचे आणि सेवकांचे आहे. हात वाकडा का होतो आणि सरळ कसा करतात, हे सांगणारे मराठीत फारच थोडे.

अमरावती जिल्ह्यात या रोगाची दोन ठिकाणे आहेत. पहिले परतवाड्याजवळचे कोठारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनऱ्यांनी तिथे कुष्ठरुग्णांसाठी आश्रम काढला. पुढे तिथले रुग्णालय ‘द लेप्रसी मिशन’ने चालवले. दुसरे अमरावतीचे तपोवन. स्वातंत्र्यचळवळीत तुरुंग भोगलेले होमिओपॅथीचे डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली गावाबाहेरच्या माळावर ते वसवले. शेजारच्या वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण त्याच्या दहा वर्षे आधीपासून हेच काम करत होते आणि सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींचे अंग स्वतःच्या हातांनी चोळत होते. पण या सर्वांना तेव्हा जे करता येत होते ते म्हणजे आसरा, जखम धुणे आणि काम देणे. वाकलेला हात वाकलेलाच राही. तपोवनातल्या रुग्णांनी शेती केली, माग चालवले, सुतारकाम केले, ते त्याच हातांनी.

हात वाकतो कसा, हे समजायला आपलाच कोपर पुरेसा आहे. कोपराची आतली बाजू कुठे आपटली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तिथे एक नस हाडाला लागून, कातडीच्या अगदी जवळून जाते. कुष्ठरोगाच्या जंतूला थंडावा मानवतो, म्हणून तो शरीराच्या पृष्ठभागाजवळच्या भागांत वाढतो: कानाची पाळी, नाक, कोपराजवळची ही नस, मनगटापाशी दुसरी, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला तिसरी, घोट्यामागे चौथी. नस सुजली की तिच्या पुढच्या भागाची संवेदना जाते, घाम थांबतो आणि पंजातले बारीक स्नायू लुळे पडतात. बोटे सरळ धरून ठेवणारे हे बारीक स्नायू गेले, पण मूठ वळवणारे दंडाखालचे मोठे स्नायू शाबूत राहिले, की ओढाताणीत मोठे जिंकतात आणि बोटे नख्यांसारखी आत वळतात. गुडघ्याजवळची नस गेली की पाऊल लोंबते आणि चालताना चवडा घासत जातो.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक म्हातारी होती. तव्यावरची भाकर ती उलथन्याशिवाय फिरवायची, चुलीतला निखारा बोटांनी सरकवायची. आम्हा पोरांना त्याचे मोठे कौतुक. “मले काई चटका लागत नाई बाप्पा, हात घट झाले माहे,” असे ती म्हणायची. बायाही म्हणत, जन्मभर चुलीपुढे बसली, हात निबर होणारच. तिच्या दोन बोटांची पेरे आखूड होती, ती कुणी मोजली नव्हती. पुढे तिला कुठेतरी नेऊन ठेवले. कुठे, ते घरातल्या कुणी सांगितले नाही आणि गल्लीतल्या कुणी विचारले नाही.

या निबर हाताचे कोडे उलगडले ते वेल्लोरला. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून आले. कुष्ठरोगाचे जाणकार डॉ. रॉबर्ट कॉक्रन यांच्यासोबत ते चिंगलपेटचे रुग्णालय पाहायला गेले. तिथे त्यांनी एका वाकड्या पंजाच्या रुग्णाला आपला हात दाबायला सांगितले आणि त्या पकडीने ते कळवळले. त्या माणसाला आपण किती जोर लावतो आहोत याचा पत्ताच नव्हता. त्या क्षणी ब्रँडना दोन गोष्टी एकदम कळल्या. या हातात भरपूर ताकदीचे स्नायू शिल्लक आहेत, आणि ही ताकद कुठे थांबवायची हे सांगणारे काही शिल्लक नाही.

पहिल्या गोष्टीतून शस्त्रक्रिया निघाली. ‘कुष्ठरोग्याचे मांस वाईट असते, त्यावर जखम भरत नाही’ या समजुतीने तोवर शल्यचिकित्सक या हातांना सुरी लावत नसत. १९४८ पासून ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दंडाखालचा एक चांगला स्नायू उसना घेऊन, त्याची कंडरा लांबवून, तिचे शेपटासारखे चार पदर करून चार बोटांना जोडायला सुरुवात केली. जखमा व्यवस्थित भरल्या. तीन आठवडे प्लास्टर, मग व्यायाम. जो स्नायू जन्मभर मनगट उचलत होता त्याने आता बोटे सरळ करायची, हे मेंदूला शिकवावे लागते. लोंबणाऱ्या पावलासाठीही अशीच एक कंडरा पिंढरीच्या मागून पुढे आणतात.

सरळ झालेल्या हाताचे पुढे काय, हा प्रश्न मला शस्त्रक्रियेपेक्षाही मोठा वाटतो. ब्रँडकडे रुग्ण तक्रार घेऊन आले की हे हात भीक मागायला वाईट आहेत. वाकड्या हातावर लोक पैसा टाकत, सरळ हातावर टाकत नाहीत आणि कामही देत नाहीत. वेल्लोरला रुग्णांना सुतारकाम शिकवणारे केंद्र निघाले ते यामुळे. आमच्या पटवर्धनांनी हाच धडा शस्त्रक्रियेच्या वाटेला न जाताच गिरवला होता, याचा वऱ्हाडी म्हणून मला थोडा अभिमान आहे. तो वाचकांनी समजून घ्यावा.

दुसऱ्या गोष्टीला, म्हणजे ताकद थांबवणारे काही नसण्याला, उपाय सापडायला जास्त वेळ लागला. एकदा ब्रँडना गंजलेल्या कुलपात किल्ली फिरवता येईना. एका दहा वर्षांच्या किडमिड्या रुग्ण पोराने ती सहज फिरवली. त्याच्या बोटाकडे पाहिले तर किल्लीने ते हाडापर्यंत कापले होते आणि पोराला खबर नव्हती. काही रुग्णांची बोटे रात्रीतून नाहीशी होत. पाळत ठेवल्यावर कळले, की उंदीर कुरतडून नेतात आणि झोपलेल्याला जाग येत नाही. तेव्हापासून घरी जाणाऱ्या रुग्णाला मांजर देण्याची पद्धत पडली. ‘बोटे झडतात’ या हजारो वर्षांच्या समजुतीचा हा शेवट होता, आणि त्यात मांजराचा वाटा होता हे मला फार आवडते.

नाकाची हकीकत वेगळी आहे आणि ती महाराष्ट्राची आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला टिपूने पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या जातीच्या माणसाने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाचा करून तो कपाळावर ठेवला, तेवढी कातडी सोडवून दोन भुवयांमधल्या देठावर फिरवली आणि नवे नाक बसवले. भूल तेव्हा जगात कुठेच नव्हती. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत चित्रासह छापली गेली आणि १८१४ साली जोसेफ कार्प्यू यांनी तीच शस्त्रक्रिया लंडनमध्ये करून पाहिली. मोबाइलवर हा प्रसंग हल्ली शंखनादासह फिरतो. त्यात सुश्रुताचे नाव असते. प्रत्यक्ष सुरी धरणाऱ्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही, याची खंत मात्र नसते.

कुष्ठरोगात नाक बसते तेव्हा हे पुण्याचे तंत्र सहसा लागत नाही. कारण बाहेरची कातडी जागेवरच असते. आतले अस्तर आक्रसून तिला आत ओढते. पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम करणारे डॉ. नोशीर अंटिया यांनी त्यांचे इंग्लंडमधले गुरू हॅरल्ड गिलीज यांची युक्ती इथे वापरली. वरच्या ओठाच्या आतून शिरायचे, आक्रसलेले अस्तर सोडवायचे आणि मांडीच्या कातडीचे नवे अस्तर आत बसवायचे. चेहऱ्यावर एकही व्रण न येता नाक उभे राहते. अंटियांनी पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. सौंदर्याची शस्त्रक्रिया म्हणून आज जिची जाहिरात होते, तिच्या महाराष्ट्रातल्या पहिल्या शाळांपैकी एक कुष्ठरुग्णालय होती.

आता पायाकडे येतो, कारण वऱ्हाडात खरा प्रश्न पायाचाच. आमची जमीन काळी, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर तापणारी. तूर कापल्यावर वावरात उरणारे खुंट खिळ्यांसारखे तिरपे आणि धारदार. ज्या तळव्याला घाम येत नाही तो कोरडा पडून भेगाळतो. भेगेत माती जाते, खुंट घुसतो आणि माणूस संध्याकाळपर्यंत त्याच पायावर चालतो. तुमचा-माझा पाय दुखला की आपण न कळत लंगडतो, भार दुसरीकडे टाकतो. लंगडणे हाच निम्मा इलाज असतो. ज्याला दुखत नाही तो लंगडत नाही. ही जखम औषधाने भरत नाही, विश्रांतीने भरते. म्हणून पाय प्लास्टरमध्ये बंद करून ठेवला की महिनोन्महिने वाहणारी जखम मिटते.

मिटलेली जखम पुन्हा होऊ नये म्हणून चप्पल. बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा आतला तळ, खाली टणक रबर, मागे पट्टा, कारण पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. आणि खिळा एकही नाही. सगळे चिकटवलेले, शिवलेले. एक खिळा वर आला तर कंडरा जोडण्याचे सगळे श्रम वाया. माझ्या मते या शास्त्रातली सर्वात मोलाची वस्तू हीच, आणि ती चांभाराच्या रापीखालची आहे. तिचा दोष एकच होता: ती ओळखू यायची. ‘ते चप्पल’ घालून बाजारात गेले की माणसे सरकून बसत. म्हणून कितीतरी जण ती घरात ठेवून अनवाणी वावरात जात. पुढे बाजारी सँडलसारखे दिसणारे नमुने निघाले तेव्हा ती पायात राहू लागली.

ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि तिथे त्यांनी हरवलेली वेदना यंत्राने परत आणायचा घाट घातला. हातमोज्यात दाब मोजणारी साधने बसवली. दाब वाढला की कानाशी आवाज होई. रुग्णांनी आवाजाकडे दुर्लक्ष केले. मग काखेत विजेचा झटका द्यायची सोय केली. झटका लागे, पण एखादे काम पुरे करायचेच असले की रुग्ण यंत्राचे बटण बंद करत आणि काम झाल्यावर पुन्हा चालू करत. पुष्कळ पैसे आणि वर्षे घालवून ब्रँडनी तो नाद सोडला. जी वेदना बंद करता येते ती राखण करू शकत नाही.

यावरून कुणी वेदनेचे गोडवे गाऊ लागेल तर ते मला मान्य नाही. कर्करोगाच्या शेवटच्या महिन्यांतली वेदना कुणाचीही राखण करत नाही. आपल्या शेजारी मंदसौर-नीमचला अफू पिकत असताना १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन रुग्णांसाठी दुर्मिळ करून ठेवले होते. दुरुस्ती २०१४ साली झाली. आणि कुष्ठरोगातही असे रुग्ण आहेत की ज्यांचा हात बधिर आहे आणि तोच रात्रभर जळतो. नस मेलेली, तरी तिची आग जिवंत. त्यांना वेगळी औषधे लागतात.

बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकात आला आणि जंतू मारणे सोपे झाले. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण. पण आजही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. नस सुजल्यापासून सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइड सुरू झाले तर संवेदना परतण्याची आशा असते. उशीर झाला तर जंतू मरतात, बधिरपणा राहतो. निर्मूलन जाहीर झाल्यावर हा रोग ओळखणाऱ्या नजरा कमी झाल्या, आणि तो उशीर त्यातूनच होतो.

मेलेली नस पुन्हा उगवेल का? इथे या जंतूनेच शास्त्रज्ञांना चकवले आहे. एडिंबरा विद्यापीठातल्या अनुरा रामबुक्कना यांच्या गटाने २०१३ मध्ये उंदरांच्या पेशींवर दाखवले की कुष्ठरोगाचा जंतू नसेभोवतीच्या पेशींना मागे वळवून मूळपेशींसारखे करतो. २०२२ मध्ये त्याच गटाने त्याहून नवलाची गोष्ट मांडली. आर्मडिलो या अमेरिकन प्राण्याला हा रोग होतो, आणि जंतू त्याचे यकृत वाढवतो. तेही व्रण किंवा गाठी न होता, निरोगी यकृत. जंतूला राहायला मोठे घर हवे म्हणून तो ते बांधतो. ही कारागिरी माणसाच्या यकृतासाठी उसनी घेता येईल का, याचा शोध चालू आहे. नसा नासवणाऱ्या या जंतूकडून अवयव उगवण्याची विद्या शिकायची!

माणसाच्या बधिर हातात मात्र अजून कुणी संवेदना उगवून दाखवलेली नाही. शस्त्रक्रियेने हात सरळ झालेल्या रुग्णाला घरी पाठवताना आजही तेच शिकवतात: पाय रोज पाण्यात भिजवा, खरखरीत दगडाने घासा, ओलसर असतानाच तेल लावा, झोपण्यापूर्वी तळवे दिव्याच्या उजेडात पाहा. चहाचा पेला आता त्याला नीट धरता येतो. तो किती गरम आहे, हे पाहायला मात्र त्याने आधी कोपर लावायचा असतो.