राज्यशास्त्र व लोकप्रशासन : भारतातील विद्यापीठीय अध्ययन

राज्यसंस्थेचे स्वरूप, तिच्या अधिकाराचा उगम आणि त्या अधिकाराच्या मर्यादा यांचा विचार करणारे शास्त्र म्हणजे राज्यशास्त्र, तर राज्यसंस्थेने ठरविलेली धोरणे प्रत्यक्षात आणणाऱ्या यंत्रणेचा अभ्यास म्हणजे लोकप्रशासन होय. या दोन्ही विषयांचा आशय प्राचीन असला, तरी विद्यापीठीय विषय म्हणून त्यांना मिळालेले स्थान बरेच अलीकडचे आहे. भारतात त्यांच्या अध्ययनाला प्रारंभापासून दोन भिन्न प्रयोजने चिकटलेली आढळतात : राज्यकारभारासाठी अधिकारी तयार करणे आणि राज्यकारभाराची पारख करू शकणारा नागरिक घडविणे. या दोन प्रयोजनांतील ओढाताण हेच या विषयांच्या भारतातील इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

पार्श्वभूमी : कौटिल्याने विद्यांची आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता व दंडनीती अशी चतुर्विध विभागणी केली असून राज्यकारभाराचे ज्ञान दंडनीतीत अंतर्भूत केले आहे. यूरोपात ॲरिस्टॉटलच्या राज्यविषयक ग्रंथाचे लॅटिन भाषांतर तेराव्या शतकात झाल्यानंतर तेथील विद्यापीठांतून त्याचे पठन सुरू झाले. स्वीडनमधील अप्साला विद्यापीठात १६२२ मध्ये वक्तृत्व व राज्यशास्त्र यांचे एक अध्यासन निर्माण करण्यात आले. प्रशियाचा राजा पहिला फ्रीड्रिख व्हिल्हेल्म याने १७२७ मध्ये हाल व फ्रँकफुर्ट (ओडर नदीकाठचे) या विद्यापीठांत राजकोश व राज्यव्यवस्था यांच्या अध्यापनासाठी अध्यासने स्थापिली. राजाच्या सेवेत जाणारे तरुण अधिकारी जमाबंदी, शेती व व्यापार यांत जाणकार असावेत, हा त्यामागील हेतू होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्यशास्त्राला स्वतंत्र संस्थात्मक रूप प्राप्त झाले. पॅरिसमध्ये १८७२ साली राज्यशास्त्राचे खाजगी विद्यालय निघाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १८८० मध्ये राज्यशास्त्राची विद्याशाखा आणि लंडनमध्ये १८९५ मध्ये अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांची संस्था स्थापन झाली. वुड्रो विल्सन याने १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रशासनाचा अभ्यास राजकारणाच्या धकाधकीपासून वेगळा काढून करावा, असे प्रतिपादन केले. लोकप्रशासन या विषयाचा आरंभ सामान्यतः या निबंधापासून मानतात. राजकारण व प्रशासन यांतील ही सीमारेषा पुढे हर्बर्ट सायमन, ड्वाइट वाल्डो इ. अभ्यासकांनी १९४० नंतरच्या दशकात सदोष ठरविली. तथापि विद्यापीठांतील विभागांच्या रचनेवर तिचा ठसा कायम राहिला.

ब्रिटिश अंमलातील प्रारंभ : भारतात राज्यकारभाराचे पद्धतशीर शिक्षण प्रथम विद्यापीठात नव्हे, तर कंपनी सरकारच्या नोकरांसाठी सुरू झाले. लॉर्ड वेलस्लीने १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम महाविद्यालय स्थापन केले. तेथे देशी भाषांच्या अध्यापनावर भर होता. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण (१८०५) याच महाविद्यालयाच्या गरजेतून तयार झाले. इंग्लंडमध्ये कंपनीने १८०६ मध्ये काढलेले महाविद्यालय पुढे हेलिबरी येथे नेण्यात आले व तेथे टॉमस मॅल्थस याने इतिहास व अर्थशास्त्र शिकविले. १८५३ च्या सनदी कायद्याने नेमणुकांसाठी खुली स्पर्धा मान्य केल्यानंतर १८५५ मध्ये पहिली स्पर्धा परीक्षा लंडनमध्ये झाली आणि १८५८ मध्ये हेलिबरीचे महाविद्यालय बंद पडले. परीक्षा भारतातही घेण्यास १९२२ पर्यंत वाट पाहावी लागली. स्पर्धा परीक्षेने वशिल्याची जागा गुणवत्तेला दिली. परंतु प्रशासकासाठी प्रशासनाचे विशेष शिक्षण आवश्यक नसून उत्तम सामान्य शिक्षण पुरेसे आहे, ही धारणाही तिने रूढ केली.

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली. त्यांच्या आरंभीच्या अभ्यासक्रमांत राज्यशास्त्र हे इतिहास व अर्थशास्त्र यांच्या आश्रयाने शिकविले जाई. विद्यार्थी इंग्लंडच्या संविधानाचा इतिहास सविस्तर वाचीत. आपल्या जिल्ह्याचा कारभार कसा चालतो याची माहिती मात्र त्यांना पुस्तकांतून क्वचितच मिळे.

म्हैसूरच्या आर्. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये कौटिलीय अर्थशास्त्राची संहिता व १९१५ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यानंतर या परिस्थितीत फरक पडला. भारतीयांना राज्यविचाराची परंपरा नव्हती, हे मत त्यामुळे मागे पडले. प्रमथनाथ बॅनर्जी, का. प्र. जयस्वाल, उ. ना. घोषाल, बेनीप्रसाद इत्यादींनी पुढील दोन दशकांत प्राचीन राज्यव्यवस्थेवर ग्रंथ लिहिले. सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या प्रशासनपद्धतीवरील ग्रंथ १९२३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केला. या लेखनामागे स्वराज्याच्या मागणीला ऐतिहासिक आधार देण्याची प्रेरणा होती. त्यामुळे प्राचीन गणराज्यांत आधुनिक संसदेची लक्षणे पाहण्याचा अतिरेकही काही ठिकाणी झाला. मुंबई विद्यापीठाने १९६०–६५ या काळात प्रसिद्ध केलेली र. पं. कंगले यांची अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर व अभ्यास ही या परंपरेतील अधिक संयत कामगिरी होय.

परदेशी विद्यापीठांत शिकलेल्या भारतीयांचा वाटाही महत्त्वाचा आहे. भीमराव आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेचे विद्यार्थी होते. ईस्ट इंडिया कंपनीचे प्रशासन व वित्तव्यवहार हा त्यांच्या एम्. ए. च्या प्रबंधाचा विषय होता. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रशासनाचा इतिहास हा सत्तेच्या आणि करभाराच्या वाटणीचा इतिहास असतो, ही त्यांची दृष्टी पुढे संविधाननिर्मितीच्या कार्यातही उपयोगी पडली.

स्थानिक स्वराज्य व नागरिकशास्त्र : लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्य संस्थांकडे लोकशिक्षणाचे साधन म्हणून पाहिले होते. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर हे खाते प्रांतांतील भारतीय मंत्र्यांकडे आले आणि नगरपालिकांचे सदस्य व कर्मचारी यांच्या प्रशिक्षणाची गरज भासू लागली. मुंबईस १९२६ मध्ये स्थापन झालेली स्थानिक स्वराज्य संस्था या गरजेतूनच उभी राहिली. रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात १९३० मध्ये गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था निघाली. ध. रा. गाडगीळ यांच्या संचालकत्वाखाली तिचे कार्य मुख्यत्वे अर्थशास्त्रात विस्तारले. तथापि गावोगावी जाऊन पाहणी करण्याचा तिने घालून दिलेला पायंडा सर्वच सामाजिक शास्त्रांना उपकारक ठरला.

भारतीय राज्यशास्त्र परिषदेची स्थापना १९३८ मध्ये झाली व पुढील वर्षापासून तिचे नियतकालिक निघू लागले. मुंबई विद्यापीठात १९४८ मध्ये नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग सुरू झाला. तेथील अध्यासनाला फिरोजशहा मेहता यांचे नाव आहे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा असल्याने ते समर्पक होय. विभागाच्या नावातील ‘नागरिकशास्त्र’ हा शब्द त्याचे प्रयोजनही स्पष्ट करतो. बेचाळीसच्या आंदोलनात गुप्त नभोवाणी केंद्र चालविल्याबद्दल कारावास भोगलेल्या उषा मेहता यांनी पुढे या विभागात अनेक वर्षे अध्यापन केले.

लोकप्रशासनाचे स्वतंत्र स्थान : लोकप्रशासन हा विषय १९३०–४० या दशकात लखनौ व मद्रास विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत राज्यशास्त्राचा एक भाग वा पदविका म्हणून आला. त्याचा पहिला स्वतंत्र विभाग नागपूर विद्यापीठात १९४९-५० मध्ये निघाला व त्याला लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य असे नाव देण्यात आले. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताच्या शासनाचे मुख्य ठिकाण होते आणि तेथे १९४८ च्या कायद्याने ‘जनपद’ योजनेचा प्रयोग चालू होता. तहसील पातळीवरील निर्वाचित सभांकडे ग्रामीण कारभार सोपविण्याची ही योजना दीर्घकाळ टिकली नाही. परंतु तिच्यामुळे नव्या विभागाला अभ्यासाचे क्षेत्र दाराशीच उपलब्ध झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात नियोजनामुळे शासनाची कार्ये झपाट्याने वाढली. ए. डी. गोरवाला यांचा लोकप्रशासनविषयक अहवाल (१९५१) आणि अमेरिकन तज्ज्ञ पॉल ॲपलबी यांचा अहवाल (१९५३) यांनी प्रशासनाच्या पुनर्रचनेचा प्रश्न ऐरणीवर आणला. ॲपलबी यांच्या शिफारशीनुसार १९५४ मध्ये दिल्लीस भारतीय लोकप्रशासन संस्था स्थापन झाली. पंडित जवाहरलाल नेहरू तिचे पहिले अध्यक्ष होते. संस्थेचे त्रैमासिक १९५५ पासून निघू लागले आणि अध्यापक व कार्यरत अधिकारी यांना एक समान व्यासपीठ मिळाले.

क्षेत्रीय अभ्यास : संविधानाच्या कलमांचे विवरण हेच राज्यशास्त्राचे अध्यापन, असा समज १९५० नंतर हळूहळू मागे पडला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीविषयीचे प्रांतवार अहवाल पुण्याचे प्रा. एस्. व्ही. कोगेकर व अमेरिकन अभ्यासक रिचर्ड पार्क यांनी संपादून १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. पुणे विद्यापीठातील प्रा. व्ही. एम्. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीतील मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास केला (१९६५). महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्यान्वये १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. त्यानंतर सिरसीकर यांचा ग्रामीण नेतृत्वावरील आणि प्रा. एन्. आर्. इनामदार यांचा ग्रामपंचायतींच्या कारभारावरील असे दोन ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. याच वर्षी रजनी कोठारी यांचा भारतीय राजकारणावरील ग्रंथ निघाला. जातींमुळे राजकारण बदलते तसेच राजकारणामुळे जातीही बदलतात, हे त्यांच्या लेखनाने दाखवून दिले. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या संविधानदुरुस्तीने स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्यानंतर स्थानिक संस्था हे पुन्हा संशोधनाचे महत्त्वाचे क्षेत्र बनले.

मराठी माध्यम व परिभाषा : मराठीत राज्यव्यवहाराची परिभाषा सिद्ध करण्याचे प्रयत्न शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून झाले आहेत. बडोदे संस्थानात १९३१ मध्ये श्रीसयाजीशासनकल्पतरु हा बहुभाषिक कोश तयार करण्यात आला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने पदनाम कोश (१९६२) व अन्य परिभाषा कोश सिद्ध केले. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रादेशिक भाषांना उच्च शिक्षणात स्थान देण्याचा पुरस्कार केला व त्यानंतर नागपूर येथील विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने मराठीतून क्रमिक व संदर्भ ग्रंथ प्रकाशित केले. भा. ल. भोळे यांचे ग्रंथ, तसेच राजेंद्र व्होरा व सुहास पळशीकर यांचा राज्यशास्त्र कोश यांनी अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांची गरज भागविली. इंग्रजी ग्रंथ सहज न वाचू शकणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्याला हा विषय मराठीमुळेच खुला झाला. तथापि ‘पदसोपान’, ‘आदेशैक्य’, ‘प्रत्यायोजन’ अशा संज्ञा परीक्षेपुरत्या पाठ करण्याकडे त्याचा कल राहिला. गावच्या चावडीवर वा तहसील कचेरीत तो ज्या व्यवहाराचा रोज साक्षीदार असतो, त्याचेच हे वर्णन आहे याची जाणीव अध्यापनातून पुरेशी करून दिली गेली नाही.

स्पर्धा परीक्षांचा प्रभाव : संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लोकप्रशासन हा विषय १९८७ पासून वैकल्पिक म्हणून घेता येऊ लागला. त्यामुळे त्याकडे विद्यार्थ्यांचा ओघ वाढला आणि शिकवणीवर्ग व टिपणवह्या यांचाही सुळसुळाट झाला. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) यासारख्या संस्थांमुळे नोकरी करणाऱ्यांनाही हा विषय शिकता येऊ लागला. २०१३ मध्ये आयोगाने मुख्य परीक्षेतील वैकल्पिक विषयांची संख्या दोनवरून एकवर आणली आणि संविधान, शासनव्यवहार व सामाजिक न्याय यांचा समावेश सर्वांसाठी अनिवार्य अशा सामान्य अध्ययनात केला. म्हणजेच हे ज्ञान प्रत्येक उमेदवाराला आवश्यक मानले गेले. परंतु परीक्षेच्या मागणीवर विसंबून राहिलेल्या विभागांचे अवलंबित्वही यातून उघड झाले.

मूल्यमापन : स्पर्धा परीक्षेस बसणाऱ्यांपैकी अत्यल्प उमेदवारांचीच निवड होते. त्यामुळे केवळ अधिकारी घडविणे हे प्रयोजन धरल्यास या विषयांचे अध्ययन बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या बाबतीत निष्फळ ठरते. नागरिक घडविण्याचे प्रयोजन धरले, तर मात्र कोणाचेही अध्ययन वाया जात नाही. ग्रामसभेत अंदाजपत्रकाविषयी प्रश्न विचारणे किंवा माहितीच्या अधिकाराचा (२००५) उपयोग करणे यांसाठी लागणारे ज्ञान याच अभ्यासक्रमांत आहे. या विषयांनी भारतात जे मौलिक ज्ञान निर्माण केले, ते मतदारसंघ, पंचायत व नगरपालिका यांच्या प्रत्यक्ष अभ्यासातून झाले; परकीय सिद्धांतांच्या पाठांतरातून नव्हे. राज्यशास्त्र व लोकप्रशासन यांच्या विभागांची फारकत करावी की त्यांना एकत्र ठेवावे, हा प्रश्न त्या मानाने गौण होय. अधिकार कोणाच्या हाती आहे आणि तो कसा राबविला जातो, हे दोन प्रश्न सामान्य नागरिकाच्या अनुभवात एकमेकांपासून वेगळे नसतात. त्यांचे अध्ययनही परस्परांना पूरक राहणे इष्ट ठरते.