उकिरड्यावरचं पाकीट

गेल्या दिवाळीत गावी जाताना मी पुण्याहून ज्वारीच्या पफ्सचं एक पाकीट नेलं होतं. आजोबांचे दात आता थोडेच उरलेत, तोंडात विरघळणारं काहीतरी खातील म्हणून. त्यांनी दोन-चार पफ तोंडात टाकले, "लाह्याच तर हायेत," म्हणाले आणि किंमत विचारली. मी वीस रुपये कमी करून सांगितली. मग पाकीट उलटसुलट करून पाहत त्यांनी विचारलं, "अन् याचं काय करू?" मी उत्तर देण्याआधीच आजीनं ते झाडलोटीच्या कचऱ्यासोबत उकिरड्यावर टाकून दिलं.

त्या पाकिटावर दोन हिरवी चिन्हं होती. एक 'जैविक भारत'चं, म्हणजे आतला माल प्रमाणित सेंद्रिय. दुसरं व्ही अक्षराचं, म्हणजे व्हीगन, प्राण्यांपासून आलेलं आत काहीही नाही. पहिलं २०१७ सालच्या नियमांबरोबर आलं, दुसरं २०२१ साली जाहीर झालं. शेजारीशेजारी छापली की ही दोन चिन्हं सख्खी भावंडं वाटतात. मीही तसंच समजत होतो. परतीच्या प्रवासात झोप येईना म्हणून फोनवर वाचत गेलो, पुढे पुस्तकं शोधली, आणि लक्षात आलं की यांची घराणी पूर्ण वेगळी आहेत. यांच्या पूर्वजांना एका पंगतीला बसवलं असतं तर जेवण सुरळीत झालं नसतं.

पहिलं घराणं आपल्या फार जवळचं आहे. इंदूरचं.

अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत आला. त्याची बायको गॅब्रिएल स्वतः केंब्रिजमध्ये संशोधन केलेली शास्त्रज्ञ होती. दोघांनी मिळून गव्हाचे नवे वाण तयार केले, त्यांचं नावही झालं. पण हॉवर्डला एक गोष्ट खुपत होती. संस्थेत गव्हाचा तज्ज्ञ वेगळा, किडीचा वेगळा, बुरशीचा वेगळा, आणि कोणीच अख्खं शेत पाहत नाही. (मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत काम केलेल्या कोणालाही हे दुःख समजावून सांगायला नको.) त्यानं आजूबाजूच्या शेतकऱ्यांची शेती बारकाईनं पाहायला सुरुवात केली. पुढे त्यानं लिहून ठेवलं की भारतातले शेतकरी आणि पिकावरची कीड हेच आपले खरे प्राध्यापक. कीड पडली म्हणजे जमिनीचं किंवा पिकाचं काहीतरी बिनसलंय. तिला मारण्याआधी ती काय सांगतेय ते ऐका, असा त्याचा हेका होता.

१९२४ साली इंदुरात संस्थानाच्या जमिनीवर 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली आणि हॉवर्ड तिचा संचालक झाला. पैसा मुख्यतः कापूस समितीचा. म्हणजे काम कापसाचं होतं, पण त्यातून निघालं खत. शेतात पडलेलं सगळं गोळा करायचं: पऱ्हाट्या, तुराट्या, तण, उसाचं पाचट, पालापाचोळा. पऱ्हाट्या आणि तुराट्या कडक असतात, लवकर कुजत नाहीत. त्यासाठी इंदूरच्या संस्थेनं कुठलंही यंत्र आणलं नाही. त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवायच्या, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची चाकं आणि बैलांचे खूर त्यांचा चुरा करतात. मग तो चुरा गोठ्यात अंथरायचा, गोमूत्र मुरलेली माती, शेण आणि राख घालून खड्ड्यात थर लावायचे, ओल धरून ठेवायची, तीन वेळा ढीग पालटायचा. सुमारे तीन महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत तयार. यालाच जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. चीनमधले शेतकरी शतकानुशतकं असं काहीतरी करतच होते, हॉवर्डनं त्याबद्दल वाचलेलं होतं आणि ते तो लपवत नाही.

१९३१ साली या कामाचं पुस्तक आलं. त्यावर लेखक म्हणून दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड संस्थेत रसायनशास्त्राचं काम पाहत. सेंद्रिय शेतीच्या इतिहासावरचे इंग्रजी लेख उघडा, हॉवर्ड पानोपानी सापडेल. वाड शोधावे लागतात. आणि ज्या मजुरांनी ते ढीग उन्हातान्हात पालटले, त्यांची नावं तर शोधूनही सापडायची नाहीत. १९३५ साली गांधीजी इंदुरात आले तेव्हा त्यांनीही हे खत पाहिलं आणि 'हरिजन'मधून ही पद्धत खेड्यांपर्यंत पोचवायचा प्रयत्न केला.

या सगळ्याच्या मुळाशी हॉवर्डचं एकच म्हणणं होतं. जमिनीतून जे घेतलं ते जमिनीला परत गेलं पाहिजे. कीटकनाशक नको, रासायनिक खत नको, हे त्या म्हणण्याचे परिणाम झाले, गाभा परतफेडीचा. १९४० साली त्याचा 'अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' हा ग्रंथ आला. 'ऑरगॅनिक शेती' हा शब्द मात्र त्याचा नाही. तो त्याच वर्षी लॉर्ड नॉर्थबोर्न या दुसऱ्या इंग्रज लेखकानं रूढ केला, आणि त्याच्या मनात होतं ते सजीव शरीरासारखं एकसंध शेत. १९४२ साली अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी याच नावाचं मासिक काढलं आणि शब्द घरोघरी गेला. आपल्याकडे त्याचं 'सेंद्रिय' झालं. गंमत अशी की अकरावी-बारावीत आपण जे सेंद्रिय रसायनशास्त्र शिकतो, त्यात प्लास्टिकही बसतं. त्या हिशोबानं माझं पाकीट आतून-बाहेरून सेंद्रियच होतं.

आता दुसरं घराणं. अमेरिकेतलं मिशिगन राज्य, बॅटल क्रीक गाव. तिथे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथानं १८६६ साली एक आरोग्यधाम काढलं. मांस, दारू, तंबाखू, चहा-कॉफी यांपासून शरीर मुक्त ठेवणं हे त्यांच्या दृष्टीनं धर्माचंच काम होतं. १८७६ पासून या संस्थेची सूत्रं डॉ. जॉन हार्वी केलॉग यांच्याकडे आली. हे तेच कॉर्नफ्लेक्सवाले. हस्तमैथुन थांबवण्यासाठी कॉर्नफ्लेक्सचा शोध लागला, असं सांगणारं रील तुम्ही बहुधा पाहिलं असेल. डॉक्टरसाहेब त्या विषयानं पछाडलेले होते हे खरं, मसालेदार अन्नानं वासना चाळवतात असंही ते सांगत. पण १८९४ साली गव्हाच्या शिळ्या कणकेचे पोहे लाटले गेले ते रुग्णांना पचायला हलका नाश्ता हवा म्हणून.

मांसाला पर्याय म्हणून डॉक्टरांनी शेंगदाणे हाताशी धरले. त्यांचं लोणी काढण्याच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं (दाण्याच्या कुटाला आपण काही पेटंट घेतलं नाही), मग दाण्यांपासून 'नटोज', पुढे गव्हातलं ग्लूटेन घालून 'प्रोटोज' असे डबाबंद 'मांसाचे' प्रकार काढले. आज ज्याला प्लांट-बेस्ड मीट म्हणतात, ते सव्वाशे वर्षांपूर्वी बॅटल क्रीकच्या टपालानं घरपोच मिळत होतं.

फ्लेक्स कसे होतात हे डॉक्टर लपवत नसत. कोणीही येऊन पाहावं. सी. डब्ल्यू. पोस्ट नावाचा एक रुग्ण तिथे राहून गेला आणि १८९५ मध्ये त्यानं त्याच गावात स्वतःचा कॉफीला पर्यायी पेय विकायचा धंदा काढला, दोन वर्षांनी नाश्त्याचे दाणेही. तो अफाट श्रीमंत झाला. हे सगळं डॉक्टरांचा धाकटा भाऊ विल पाहत होता. तो आरोग्यधामाचा हिशोब ठेवायचा, वर्षानुवर्षं भावाच्या हाताखाली राबलेला. त्याला फ्लेक्समध्ये साखर घालायची होती. थोरल्याच्या लेखी ते अभक्ष्यभक्षण. १९०६ साली विलनं वेगळी कंपनी काढली, पाकिटावर आपली सही छापली, साखर घातली, आणि पुढची अनेक वर्षं दोघं भाऊ आडनाव कोणी वापरायचं यावर कोर्टात भांडले. १९२० साली धाकटा जिंकला. आपल्याकडे १९९४ मध्ये जे केलॉग्ज आलं ते विलचं.

थोरल्याची शुद्धतेची ओढ ताटापाशी थांबली नाही, हेही सांगायला हवं. १९१४ साली बॅटल क्रीकमध्ये 'वंशसुधारणे'ची राष्ट्रीय परिषद भरली, तिच्यामागे हेच डॉक्टर होते. काय पोटात जाऊ द्यावं याचा विचार करताकरता कोणी जन्माला यावं इथपर्यंत ते पोचले होते. या वळणावर मला आपला ओळखीचा शब्द आठवला: सोवळं. बॅटल क्रीकचं मूल्य सोवळ्याचं आहे. अमुक नको, तमुक लागलेलं नको, आत काही शिरायला नको. इंदूरचं मूल्य उकिरड्याचं आहे. शेण, मूत, कुजका पाला, सगळं हवं, आणि परत हवं.

माझ्या पाकिटावरचा पेच इथे आहे. हॉवर्डला जनावरांशिवाय शेती मान्यच नव्हती. निसर्ग कधीच गुराढोरांविना शेती करत नाही, असं तो म्हणे. म्हणजे ज्या ज्वारीवर 'जैविक' लिहिलंय, तिच्या शेतात बहुधा शेणखत पडलेलं असणार. आणि त्याच ज्वारीवर व्ही छापलाय. नियमात हे बसतं, कारण व्ही फक्त पाकिटाच्या आतलं आणि कारखान्यातलं पाहतो. जनावरांशिवायची सेंद्रिय शेती करणारेही आहेत, इंग्लंडमध्ये त्यांची वेगळी मानकं आहेत. त्यांनी निदान प्रश्न अंगावर घेतला. बाकीच्यांनी आमच्या भाषेत मर्ज कॉन्फ्लिक्ट न सोडवताच कोड ढकलून दिलाय.

आणि जैविकच्या चिन्हाचं काय? प्रमाणपत्राचे नियम कंपोस्ट घालायला सांगतात, जमिनीचा कस राखायला सांगतात. पण ते शेताच्या बांधापर्यंत. अमरावतीच्या ज्वारीतलं नत्र, स्फुरद, पालाश पाकिटात बसून पुण्याला येतं, माझ्या पोटातून ड्रेनेजमध्ये जातं, आणि परतीचं तिकीट कोणीच काढत नाही. वाड यांनी पुढे शहराचा कचरा आणि मैला इंदूर पद्धतीनं शेतात कसा न्यायचा यावर काम केलं, ते या प्रश्नाच्या जवळ पोचणारं. ते काम पाकिटावर छापण्यासारखं नव्हतं. 'यात काय नाही' हे छापता येतं. 'याचं पुढे काय झालं' हे छापायचं कुठे? त्यामुळे नाव इंदूरचं राहिलं आणि पाकिटावर बोलू लागलं बॅटल क्रीक: नो केमिकल्स, नो प्रिझर्व्हेटिव्ह्ज, नो डेअरी.

हे लिहितो म्हणजे मी असली पाकिटं सोडलीत असं नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आत्ताही एक आहे.

मे महिन्यात पुन्हा गावी गेलो. पेरणीआधी उकिरडा उपसायचं काम चालू होतं. बंडी लावलेली, दोन गडी फावड्यानं खत भरत होते, आजोबा निंबाखाली बसून नजर ठेवून. वरचा थर निघाल्यावर खालून काळं, ओलसर, गरम खत दिसायला लागलं. त्यात दिवाळीचं काही ओळखू येत नव्हतं, ना केळीचे खांब, ना झेंडूच्या माळा. आजोबा उठले, काठीनं एका जागी उकरलं, वाकले, आणि पाकीट ओढून काढलं. धोतराला पुसून माझ्या हातात दिलं.

"घे," म्हणाले, "तुह्यं हाय."

दोन्ही चिन्हं स्पष्ट वाचता येत होती.