विमानातून बाळंतपणाला

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे ठरलेलं. त्या दिवसांत बाईभोवती तिची माणसं असावीत, एवढाच त्यामागचा विचार. कॅनडाच्या दुर्गम भागातल्या मूलनिवासी बायकांच्या वाट्याला मात्र गेली कित्येक दशकं याच्या उलट आलं. ३६ ते ३८ आठवडे भरले की विमानात बसायचं, शेकडो किलोमीटर दूरच्या शहरात दिवस मोजायचे आणि अनोळखी लोकांमध्ये बाळंत व्हायचं. मोठी पोरं गावी, कुणाच्या तरी भरवशावर.

१९६० आणि ७०च्या दशकांत ही पद्धत सगळीकडे रुजली. वस्त्यांवर शस्त्रक्रियेची सोय नव्हती, बालमृत्यू जास्त होते. कारण खरंच होतं. पण गावात बाळंतपणं होईनाशी झाली, तशा नव्या सुईणीही तयार होईनात. हे काम म्हाताऱ्या सुईणीच्या शेजारी बसूनच शिकायचं असतं. एका पिढीत ती साखळी तुटली.

शिवाय सरकारी दवाखान्याची भीती होतीच. दीड लाखाहून जास्त मूलनिवासी मुलं घरातून उचलून निवासी शाळांत घातली गेली होती. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. पुढे ‘बर्थ अलर्ट’ आले. एखादी गरोदर बाई ‘धोक्याची’ वाटली, तर बालकल्याण खातं तिला न कळवता रुग्णालयाला सूचना देई आणि जन्मल्या जन्मल्या बाळ काढून नेलं जाई. २०१६ च्या जनगणनेनुसार देशातल्या १४ वर्षांपर्यंतच्या मुलांत मूलनिवासी ७.७ टक्के, त्याच वयाच्या, सरकारनं इतरांच्या घरी ठेवलेल्या मुलांत मात्र ५२.२ टक्के!

विरोधही झाला. क्वेबेकच्या उत्तरेला पुविर्निटुक या गावी इन्यूइट बायकांनी आग्रह धरला आणि १९८६ मध्ये तिथं प्रसूतिकेंद्र सुरू झालं. स्थानिक मुली तिथंच सुईणपण शिकू लागल्या, मुलं पुन्हा गावात जन्मू लागली.

जिथं अशी केंद्रं नाहीत, तिथं आता मूलनिवासी डूला उभ्या राहतात. ‘डूला’ हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ दासी. मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी १९७३ मध्ये तो आईच्या सोबतिणीसाठी वापरला. डूला बाळंतपण करत नाही. ते सुईणीचं किंवा डॉक्टरचं काम. ती हात धरते, कंबर चोळते, कागदावर काय लिहिलंय ते सही करण्याआधी समजावते. सेज वनस्पतीची धुरी द्यायला खोली मिळेल का, हे विचारते. वार कचऱ्यात न टाकता परत मागून घेते, कारण अनेक समाजांत ती आपल्या भूमीत पुरायची असते. आणि बाळाला न्यायला कुणी आलंच, तर त्या खोलीत आईच्या बाजूनं बोलणारं एक माणूस असतं.

२०१७ पासून विमानात सोबत एक माणूस नेण्याचा खर्च केंद्र सरकार देतं. ब्रिटिश कोलंबियानं २०१९ मध्ये, मॅनिटोबानं २०२० मध्ये बर्थ अलर्ट थांबवले. पण अनेक वस्त्यांतून ते विमान अजूनही उडतं. डूलांचे बरेच उपक्रम तात्पुरत्या अनुदानावर चालतात; अनुदान संपलं की सोबतही संपते. आपल्या गावात, आपल्या सुईणीच्या हातून बाळंत होण्याची त्या बायकांची मागणी अजून बाकीच आहे.